अहो, ओव्हर

डोकं

वायरलेसचा सेट दोन तुकड्यांत असतो, हे साखर कारखान्यावर कुणाला पटेना.

पुढं, जीपच्या डॅशबोर्डखाली, लहानशी डबी. तिच्यावर आवाजाचं बटण, एक आणि दोन असे आकडे असलेली फिरकी, आणि हातात धरून बोलायचा माइक. हे डोकं. खरा सेट पत्र्याच्या ट्रंकेसारखा, मागच्या सीटखाली. ते धड. मधून अंगठ्याएवढी जाड केबल.

"म्हंजे बोलायचं पुढं आन् काम मागं?" ड्रायव्हर रंगनाथनं विचारलं.

"बरोबर," नगरहून आलेला मेकॅनिक राधाकृष्ण म्हणाला.

"आमच्या मॅनेजरसायबावानी."

मॅनेजर मागंच उभे होते. ओव्हर.

धड

धडाच्या पोटात क्रिस्टल बसवायचे. चिंचोक्यासारख्या चपट्या डब्या, प्रत्येकीची लहर ठरलेली. फिरकी एकवर असेल तर जीप कारखान्याशी बोलणार. दोनवर असेल तर जीपा आपसात.

पहिल्याच जीपमध्ये राधाकृष्णनं क्रिस्टल उलटे खोचले. एकच्या जागी दोन, दोनच्या जागी एक. धड पुन्हा उघडायचं म्हणजे सीट काढा, स्क्रूंची रांग काढा, पुन्हा आवळा. बाहेर चहा निवत होता. त्यानं डोक्यातल्याच दोन तारा उलटवल्या. उलट्याचं उलटं, सुलटं. ते डोकं त्या धडाशी गुण्यागोविंदानं बोलू लागलं. दुसऱ्या कुठल्या धडाशी बोललं नसतं, पण डोकी कोण बदलतंय?

नाव

चेअरमन नुकतेच मढीच्या जत्रेहून आले होते. लायसनच्या अर्जात जीपांना हाक मारायची नावं लिहायची होती. त्यांनी नाथांची दिली: कानिफ, गोरक्ष, जालिंदर. नावं डोक्यांवर पांढऱ्या रंगानं रंगवली. ड्रायव्हरचं खरं नाव हवेत घ्यायचं नाही, असा वायरलेस खात्याचा नियम होता.

कारखान्यातल्या माइकवर कोण बसणार? चेअरमनचा भाचा काकासाहेब आधीच खुर्चीवर रुमाल टाकून बसला होता. पण तो उसाच्या फडातल्यासारखा ओरडायचा, आणि ओरडलं की पलीकडं नुसती घरघर. सगळ्या पुरुषांनी ओरडून पाहिलं. शेवटी चाचणीसाठी चांगुणाला बोलावलं. ती मॅट्रिक झालेली, तिसगावची, ड्रायव्हर कानिफनाथची बायको. ती ओट्यावर बसून शेजारणीशी बोलावं तशी बोलली आणि कोल्हारच्या पुलापलीकडं शब्द न् शब्द पोचला.

तिला नोकरी मिळाली. खुर्ची, टेबल, डोक्यावर पंखा. आणि ती बोलली की तीन पुरुष गाडी थांबवून ऐकणार. असं तिच्या माहेरी किंवा सासरी आजवर कुणाचं ऐकलं गेलं नव्हतं. ही खुर्ची सोडायची नाही, हे तिनं बसल्याबसल्या ठरवलं.

आता अडचण.

तिचा नवरा कानिफनाथ. तिचे सासरे गोरक्षनाथ. दोन्ही नावं तोंडातून काढायची सोय नाही. राहिला जालिंदर. पंधरवडाभर तालुक्यातला सगळा ऊस एकट्या जालिंदरनं हाकला. त्याचा ड्रायव्हर श्रीमंत रडकुंडीला आला.

"ताई, दुसऱ्याला बी हाका मारा की! ओव्हर."

मग तिनं मारल्या. गोरक्ष जीपला "मामंजी". कानिफ जीपला "अहो".

"अहो, अहो, कोल्हारच्या फडावर बैलगाड्या तुंबल्यात. तिकडं जाता का? ओव्हर."

आता नीट ऐका. कानिफ नावाची जीप रंगनाथ चालवायचा. गोरक्ष नावाची जीप चालवायचा कानिफनाथ.

म्हणजे चांगुणा रंगनाथला अहो म्हणत होती, आणि स्वतःच्या नवऱ्याला मामंजी.

ओव्हर.

केबल

"तुला सून आली की रं," कानिफनाथ हॉटेलात शिरला की कुणीतरी म्हणायचंच. "मामंजी, च्या घेता का?"

त्यानं रंगनाथला गाठलं. "जीप बदल माझ्याशी."

"का म्हून? माझं लगीन न्हाई झालं. आयतं कुनी अहो म्हनतंय तर तुझं काय जातंय?"

"ती माझी बायकू हाय!"

"मी कुटं न्हाई म्हनतो, मामंजी?"

घरी त्यानं चांगुणालाही विचारलं, "नाव घिऊन टाक ना सरळ. जीपचंच तर हाय."

"जीपचं असंल, पण निघतंय माझ्या तोंडातनं," चांगुणा म्हणाली. "हळदीकुंकवाला उखाण्यात घेते, तेवढं पुरं."

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनी तिला बोलावलं. "गुरुवारी वायरलेसचे इन्स्पेक्टर येताहेत. लायसनवरच्या नावानंच हाक मारली पाहिजे. अहो असं नाव लायसनवर नाही. तुम्हाला जमत नसेल तर काकासाहेब आहे."

काकासाहेबनं रुमाल झटकला.

गुरुवारी दुपारी रंगनाथ बाभळीखाली भाकरी खात असताना कानिफनाथनं दोन्ही जीपांची डोकी काढली आणि अदलाबदल केली. नाव डोक्यावर आहे, म्हणजे नाव डोक्याबरोबर येणार, असा त्याचा हिशेब. केबलची टोकं दोन्हीकडं सारखीच होती. खट्ट करून बसली. "कानिफ" आता त्याच्या गुडघ्याजवळ होतं. आता अहो म्हण म्हणावं.

एक नंबर

इन्स्पेक्टर कारखान्यात चांगुणाच्या समोर बसले. बाजूला मॅनेजर, काकासाहेब, राधाकृष्ण. आवाज सगळ्यांना ऐकू यावा म्हणून स्पीकर खिडकीत ठेवला होता, त्यामुळं बाहेर बैलगाड्यांची गर्दी.

"कानिफला बोलवा," इन्स्पेक्टर म्हणाले.

चांगुणानं पदर सावरला. माइकचं बटण दाबलं. सोडलं. पुन्हा दाबलं.

"प्रवरेच्या काठी ऊस डोले ऐटीत..."

"हे काय आहे?"

"उखाणा हाय सायेब. त्याशिवाय निघत न्हाई."

"बाई, नुसतं नाव घ्या."

तिनं डोळे मिटले. "कानिफ, कानिफ. कारखाना बोलतोय. ओव्हर."

बाहेरची एक म्हातारी "अगं बया!" म्हणाली. स्पीकर गप्प.

"पुन्हा."

"कानिफ. ओव्हर." गप्प.

"गोरक्षला बोलवा."

सासऱ्यांचंही नाव निघालं. गप्प. काकासाहेब खुर्चीजवळ सरकला.

तेवढ्यात खरखर झाली. श्रीमंत. "कारखाना, जालिंदर बोलतोय. कानिफ आन् गोरक्ष दोगंबी माझ्या म्होरं रस्त्यावर हायेत. डोकी कशी बदलली म्हून माइकवरच भांडत्यात. ओव्हर."

राधाकृष्णचा हात कपाळावर गेला. "डोकी बदलली?" कानिफच्या डोक्यातल्या आपल्या उलट्या तारा त्याला आठवल्या. एकाच्या फिरकीवर एक लिहिलंय आणि धड दोनवर बोलतंय, दुसऱ्याचंही तसंच. "दोघेही दोन नंबरवर आहेत," तो म्हणाला आणि टेबलावरच्या सेटची फिरकी वळवली.

दोन नंबर

कानिफनाथचा आवाज खिडकीतून सगळ्या आवारात गेला:

"...मघापास्नं तिची हाक आली न्हाई, ते तुज्यामुळं! ओव्हर."

"डोकं तू चोरलं आन् माज्यामुळं? ओव्हर."

"तिनं अहो म्हनायचं ते मला! आख्ख्या तालुक्याम्होरं मला मामंजी करून ठिवलं! ओव्हर."

बैलगाडीवाले पोट धरून हसत होते. इन्स्पेक्टर मात्र गंभीर. "सेट चालू आहेत तर. पण हाकेला ओ आल्याशिवाय मी सही करणार नाही."

चांगुणानं बटण दाबलं. ह्या खेपेला उखाणा नाही, डोळे मिटणं नाही.

"कानिफ, कानिफ. कारखाना बोलतोय. ऐकू येतंय का? ओव्हर."

भांडण थांबलं. मग कानिफनाथ, जरा दबकत:

"कानिफ ऐकतोय. पर तुमी कोन? आमच्या चांगुणाबाई कुटं गेल्या? ओव्हर."

"मीच बोलतेय. ओव्हर."

"उगं थापा मारू नका, बाई. ती मेली तरी माझं नाव घ्यायची न्हाई. तिला खुर्चीवरनं काडलं का काय? काकासायबाच्या घरची हायेस काय तू? ओव्हर."

काकासाहेबनं रुमाल खिशात घातला.

इन्स्पेक्टरांनी कागदावर लिहिलं: कानिफ, उत्तर आले. सही केली. मग पेनाचं टोपण लावत म्हणाले, "बाई, आता त्यांची खात्री पटवा. नाहीतर ते जीप घेऊन इथं येतील."

चांगुणा खुर्चीत मागं टेकली. पंखा फिरत होता. तिनं माइक तोंडाशी नेला आणि ओट्यावर बोलावं तशी बोलली:

"अहो, मीच हाय. ओव्हर."

यावर रंगनाथ आणि कानिफनाथ, दोघांनी एकदमच बटण दाबलं. दोन जीपा एकाच लहरीवर एका वेळी बोलल्या की एकाचाही शब्द पोचत नाही.

खिडकीतून नुसती लांबलचक शिट्टी ऐकू आली.