बिनशिक्क्याचा पाव

मी काठवट बोलतेय. हे नाव मला मालिनीनं दिलं. सोलापूरकडं तिच्या आजोळी भाकरीचं पीठ मळायला असंच लाकडी भांडं होतं म्हणे. माझा जन्म मात्र दक्षिण फ्रान्सच्या डोंगरातला. तिथं मला वेगळं नाव होतं. पण पोटात पीठ घेणाऱ्याला नावाशी काय करायचंय?

चेस्टनटच्या एका खोडातून मला कोरून काढलं आणि मार्त नावाच्या शेतकरणीच्या घरी मी नांदू लागले. गावात भट्टी एकच. बाया आपापले पाव घेऊन तिथं यायच्या. कुणाचा कुठला ते कळावं म्हणून प्रत्येक घर कच्च्या पावावर आपला लाकडी शिक्का उठवायचं. मार्तचा शिक्का मेंढीचा.

मग युद्ध आलं. नाझी आणि त्यांचे हस्तक ज्यू माणसांना घरांतून ओढून, आगगाड्यांत कोंबून मारायला नेत होते. एके सकाळी कुणीतरी सात वर्षांच्या हॅनाला मार्तच्या दारात आणून सोडलं. तिच्या आईबापांना आधीच नेलं होतं. मार्तनं एवढंच विचारलं, "जेवलीस?" हळूहळू अशी मुलं गावात घरोघरी आली.

आणि मार्तच्या हातून चूक झाली. वाढलेल्या तोंडासाठी तिनं पाव वाढवले आणि सवयीनं त्यांच्यावरही मेंढी उठवली. भट्टीपाशी अशी मुलं शोधणारा शिपाई उभा होता. त्यानं मेंढ्या मोजल्या.

"मार्तबाई, घरात माणसं दोन. मग एवढे पाव?"

"आमच्या ह्यांना जेवताना पाहिलंय का कधी? त्यापेक्षा बैल परवडला!"

बाया खो खो हसल्या. शिपाई हसला नाही. "पुढच्या खेपेला येतो," म्हणाला.

पुढच्या खेपेला भट्टीतून निघालेल्या एकाही पावावर शिक्का नव्हता. सभा नाही, ठराव नाही. ज्या त्या बाईनं आपला शिक्का घरीच ठेवला होता. शिपाई ओरडला, "कुणाचा पाव कुठला?" एक म्हातारी म्हणाली, "गावाचा." युद्ध संपेपर्यंत गाव तसंच जेवलं. एकही मूल शिपायांच्या हाती लागलं नाही.

हॅना मोठी झाली, लग्न करून शिकागोला आली. मार्त जाताना मला तिच्यासाठी ठेवून गेली. डेव्हन ॲव्हेन्यूजवळच्या विटांच्या घरात आता हॅना एकटी राहते. दर शुक्रवारी ती माझ्यात शब्बाथचा, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या पवित्र दिवसाचा, पाव मळते. वरच्या मजल्यावर शैलेंद्र आणि मालिनी भाड्यानं राहतात. मालिनीनं मला पहिल्यांदा पाहिलं, "मावशी, मे आय?" म्हणाली आणि उत्तर यायच्या आत ज्वारीचं पीठ ओतून मोकळी झाली.

१९८५च्या हिवाळ्यात हॅनानं दोघांना खाली बोलावलं. ग्वातेमालात सैनिकांनी रोसा नावाच्या बाईचं गाव जाळलं होतं. ती लेकीला घेऊन पळून आली होती. इथलं सरकार म्हणत होतं, परत जा. हॅना त्या दोघींना बेसमेंटमध्ये ठेवणार होती, आणि असं ठेवणं हा गुन्हा होता.

"तुमची ग्रीन कार्डाची फाइल चालू आहे," हॅना म्हणाली. "तुमच्या नकळत मी काही करणार नाही. दुसरं घर हवं असेल तर मी शोधून देते."

शैलेंद्रनं कपाळाला हात लावला. "मालिनी, तूच सांग यार मावशीला. केस रिजेक्ट झाली तर इतकी वर्षं पाण्यात! नागपूरला कुठल्या तोंडानं जायचं?"

मालिनी माझ्या काठावरचं वाळलं पीठ नखानं खरवडत होती.

"आपली जात बघून गावच्या विहिरीवर माझ्या आजीला कुणी फिरकू देत नव्हतं. एका घरानं तिला आपल्या आडावर पाणी भरू दिलं. गावानं त्यांना वाळीत टाकलं, तरी दिलं. त्यांनी रिस्क कॅलक्युलेट केली असती, तर मी इथं असते का रे?"

शैलेंद्रनं कपाळावरचा हात काढला. मग म्हणाला, "त्या तिखट खातात का?"

"तुझ्यापेक्षा जास्त," हॅना म्हणाली.

आता माझ्यात रोज पीठ मळलं जातं. रोसाच्या हाताला मक्याच्या पिठाची सवय. ज्वारीला ती हसते आणि मालिनी तिच्या रोट्यांना हसते.

परवा सरकारी माणूस आला. "बेसमेंटमध्ये कोण राहतं?" शैलेंद्र दार अडवून उभा राहिला. एका हातानं त्यानं चौकट घट्ट धरली होती. मला स्वयंपाकघरातून दिसत होतं. आवाज मात्र खणखणीत होता. "वॉरंट आहे?" नव्हतं. माणूस परत गेला. तो पुन्हा येईल. फाइलचं काय होईल, कुणालाच ठाऊक नाही.

माझ्या बुडाला चीर पडलीय. फार वर्षं उरली नाहीत. वाचकांनो, उद्या तुमच्याही दारात कुणी उभं राहील. भीती वाटेल. वाटू द्या, शैलेंद्रलाही वाटते. पीठ मात्र ओंजळभर जास्त भिजवा.