चार नंबरच्या टाकीची नोंद

लिहायला मला सगळ्यांनी लावलं. वाचायला मात्र एकालाही सवड झाली नाही.

मी सर्व्हरवरची नोंदींची फाईल बोलतेय. व्हँकुव्हर बेटावरच्या एका लहानशा केंद्रात सॅमन माशांची पिल्लं वाढवतात, तिथली. टाकीतल्या पाण्यात प्राणवायू कमी झाला की आधी मी नोंद करायची, मग भोंगा वाजायचा, अशी शिस्त होती. दिवसाला जेमतेम दहा ओळी. सुखाचे दिवस होते ते.

ऑक्टोबरात एक पंप रुसला. संगणक सांभाळणाऱ्या वेंडेलनं मला दर सेकंदाला नोंद करायला लावलं.

"दोनच दिवस," तो लॉर्नाला म्हणाला. पिल्लांना अंड्यापासून वाढवणारी ती.

"तुझे दोन दिवस ठाऊक आहेत मला. शेडचं दार अजून दोरीनं बांधलेलं आहे."

त्यानं पडद्यावर पिवळी चिठ्ठी चिकटवली: 'शुक्रवारी बंद करणे'. पंप बुधवारीच दुरुस्त झाला. चिठ्ठी टेबलामागे पडली.

मी लिहीतच राहिले. सर्व ठीक. सर्व ठीक. पाच महिने. जुन्या नोंदी काढून टाकायची सोय कुणी केलीच नव्हती. जागा संपत आल्याच्या ईमेल वेंडेलच्या आधी हे काम बघणाऱ्या गॉर्डनला जात होत्या आणि गॉर्डन जूनमध्येच निवृत्त झाला होता.

मार्चमधल्या एका सकाळी डिस्क भरली. त्याच दिवशी पिल्लं नदीत सोडायची होती. लॉर्ना शेडमध्ये बादल्या धूत होती आणि चार नंबरच्या टाकीतला प्राणवायू उतरत होता. मला दिसत होतं. पण लिहायला जागा नव्हती. नोंद नाही, म्हणून भोंगा नाही.

लॉर्ना आली तेव्हा पाणी पांढरं झालं होतं. चाळीस हजार पिल्लं पोटं वर करून मरून तरंगत होती.

"डिस्क भरली होती," वेंडेल पुटपुटला.

"कशानं?"

"'सर्व ठीक'नं."

एक कोटीहून जास्त वेळा मी ते लिहिलं होतं. त्यातल्या चार ओळी जरी पुसल्या असत्या, तरी ती एक नोंद मावली असती.

आता माझ्यात सातच दिवसांच्या नोंदी ठेवतात. लॉर्ना रोज सकाळी मला वाचते. तुमच्याकडेही माझ्यासारखी कुणी असेल. नुसती साठवू नका तिला, वाचा.

त्या सकाळी पिल्लं न्यायला ट्रक आला होता. ड्रायव्हर अर्ल टाकीपाशी टोपी काढून उभा राहिला.

"एकेक पिल्लू नदीत सोडायला शाळेतली मुलं पुलाखाली पेले घेऊन थांबलीत," तो म्हणाला. "त्यांना मी काय सांगू?"