धुतली गेलेली करडई

लकव्यानं महादेवप्पांची उजवी बाजू गेली, त्याला दोन वर्षं होत आली होती. एके काळी औशात अशी गल्ली नव्हती, जिथं त्यांच्या हातानं रंगवलेली दुकानाची पाटी नाही. आता ते खाटेवर असायचे आणि बायको सिंधु त्यांचं सगळं करायची. अंघोळ, जेवण, गोळ्या, कूस बदलणं. बोलणंही जड झालेलं. त्यांचा शब्द तिला कळायचा, बाकी कुणाला फारसा नाही.

लेक पुनम नांदेडला चित्रकला शिकत होती. संक्रांतीला आली ती लाकडी चौकटीवर ताणलेलं पांढरं रेशीम आणि खडूंची डबी घेऊन. खडू दिसायला मेणाचे, पण वरून ओला ब्रश फिरवला की रंग कापडात पसरायचा. डाव्या हातातही खडू नीट बसतो, असं म्हणून तिनं पप्पांच्या बोटांत एक दिला. रंग पक्का करायचं औषध पुढच्या खेपेला आणते, तोवर कापड पाण्यात घालू नका, हेही तिनं बजावलं. पण तेव्हा सिंधु गिरणीत दळण आणायला गेली होती.

नऊ दिवस महादेवप्पा त्या रेशमावर करडईचं शेत काढत होते. पिवळी बोंडं, मधूनच केशरी. रेघ थरथरायची, एकेका फुलाला तासतास जायचा. सिंधु पाण्याची वाटी भरून ठेवायची आणि कामाला लागायची. बघायला तिला सवड नव्हती.

दहाव्या दिवशी नळ आला. आठ दिवसांनी येणारं पाणी, त्या दिवशी सिंधुला श्वास घ्यायला वेळ नसायचा. पिंप भरलं, घागरी भरल्या, चादरी भिजवल्या. सकाळी जेवताना वरण सांडून रेशमाचा कोपरा बरबटला होता. महादेवप्पांचा डोळा लागलेला बघून तिनं टाचण्या काढल्या आणि कापड बादलीत बुडवलं. कोपरा चोळून झाल्यावर पाहिलं, तर बादलीतलं पाणी पिवळं झालं होतं. तिनं झटकन कापड उचललं. फुलं गेली होती, नुसते फिकट डाग राहिले होते.

ती तिथंच ओल्या फरशीवर बसली. मांजरानं बादलीत पाडलं म्हणून सांगावं, असंही एकदा मनात आलं. पण महादेवप्पा जागे झाले, त्यांची नजर रिकाम्या चौकटीकडे गेली, आणि तिनं खरं ते सांगून टाकलं.

त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. संध्याकाळी भाकरीला हात लावला नाही. शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

ताट उचलताना ती म्हणाली, "अहो, मी लई थकले. हातात काय घेतलंय ते बी दिसंना झालंय मला."

दोन वर्षांत हे ती पहिल्यांदाच बोलली होती. महादेवप्पा तोंड तसंच भिंतीकडं ठेवून म्हणाले, "उद्या नळ न्हाई ना?"

"न्हाई."

"मग नीज."

सिंधुला जाग आली तेव्हा ऊन घरात आलं होतं. रोज पहाटे येणारी त्यांची हाक आज एकदाही आली नव्हती. ती दचकून खाटेपाशी गेली. महादेवप्पा जागेच होते आणि खालची चादर भिजलेली होती. ते छताकडं बघत राहिले. तिनं त्यांना कुशीवर वळवून चादर बदलली, अंग पुसलं.

चहा झाल्यावर त्यांनी चौकट मागितली. वाळलेलं कापड आक्रसलं होतं, टाचण्या लावताना एका बाजूला सुरकुती राहिलीच. पुनमला फोन करून सिंधुनं झालेलं सांगितलं आणि येताना औषध आण म्हणाली. दुसरं कापड आणू का, असं पुनमनं विचारलं. सिंधुनं महादेवप्पांकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली, हेच राहू दे.

त्यांनी हिरवा खडू उचलला आणि एका फिकट डागाखाली देठ ओढायला घेतला. भांडी तशीच पडली होती. सिंधु भिंतीला पाठ टेकून बसली आणि देठ पुरा होईपर्यंत बघत राहिली.