गयाबाईचा स्वेटर

गयाबाई गेली तेव्हा हिरालालच्या नाकाला वास येत नव्हता. महिनाभर आधी त्याला ताप येऊन गेला होता. ताप उतरला, पण नाक गेलं ते गेलंच. डाळ करपली तरी त्याला कळेना. गयाबाईला त्याचं हसू यायचं. बरं झालं म्हणायची, आता माझ्या गुडाखूला नावं तरी ठेवणार नाही. तंबाखू-गुळाचा तो काळा लगदा ती रोज सकाळी बोटाने दातांना घासायची आणि त्या वासावरून दोघांची जन्मभर कुरबुर चालली होती. मग एका दुपारी ती बसल्या जागी गेली.

तेरवी झाली. तिचे कपडे धुतले गेले, वाटले गेले. खुंटीवरचा मरून रंगाचा स्वेटर मात्र हिरालालने तसाच, न धुता, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि गाठ मारून आपल्या कपाटात तळाशी ठेवला. सून दामिनीने विचारलं तेव्हा म्हणाला, "राहू दे, कामात येईन." स्वेटरला बायकोचा वास आहे म्हणून ठेवला, हे सुनेला कोणत्या तोंडाने सांगायचं?

त्याची भाची उन्नती बोरसीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. विज्ञान न शिकलेल्यांसाठी लिहिलेलं शरीराविषयीचं एक पुस्तक ती त्याच्याकडे ठेवून गेली. हिरालाल दहावीपर्यंत शिकलेला, पुढची सगळी वर्षं पोलादाच्या प्लांटमध्ये. त्याने थेट नाकाचा धडा काढला आणि ओळीखाली बोट ठेवून वाचला. वास म्हणजे त्या वस्तूचेच सुटून आलेले कण, असं तिथे लिहिलं होतं. ते दिसत नाहीत, पण नाकात वर असलेल्या मज्जापेशींना जाऊन लागतात आणि मेंदूला खबर पोचते. म्हणजे पिशवीत होती ती गयाबाईच, थोडीशी. पिशवी उघडली की तेवढी कमी होणार.

पुढच्या पानावर आणखी एक गोष्ट होती. शरीरातल्या बहुतेक मज्जापेशी एकदा मेल्या की नव्या होत नाहीत. नाकातल्या या पेशी मात्र पुन्हा होतात. वेळ लागतो, कधी त्या नीट जुळतही नाहीत. हे खरं का, असं त्याने उन्नतीला फोन करून विचारलं. तिने हो म्हटलं आणि एक युक्तीही सांगितली: लवंग, लिंबाची साल, कापूर, कॉफी, रोज सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायचं आणि हुंगताना तो वास मनात आणायचा. खात्री देत नाही मामा, असंही म्हणाली.

हिरालाल हुंगत राहिला. वैशाली नगरच्या घराच्या ओट्यावर चार बाटल्या मांडून बसलेला त्याला पाहून शेजारचा नरेश विचारायचा, "काकाजी, दुकान कधी उघडून राहिले?" थंडी सरली. होळीच्या सुमारास लवंगेला जळक्या रबराचा वास आला, आणि तेवढ्यानेही तो दिवसभर खुशीत होता. नव्या पेशींची जोडणी अजून चुकते आहे, थोडं थांब, असं उन्नतीने सांगितलं. तो थांबला. गयाबाईला जळक्या रबरासारखी हुंगायची त्याची तयारी नव्हती.

मे महिन्यात एका सकाळी लवंगेला लवंगेचाच वास आला, लिंबाला लिंबाचा. हिरालालने खोलीचं दार लोटलं, पिशवी काढली, गाठ सोडली आणि डोळे मिटून तोंड आत घातलं.

डांबरगोळ्यांचा वास आला.

चुकायचा प्रश्नच नव्हता. कोळशाच्या डांबरापासून या गोळ्यांचं पांढरं नॅफ्थलीन जिथे निघतं त्या विभागातच त्याची अर्धी नोकरी झाली होती. स्वेटरच्या घडीत दोन गोळ्या होत्या. कपाट आवरताना कसर लागू नये म्हणून दामिनीने टाकल्या होत्या, सासूची आठवण म्हणून जपून, आणि गाठही पुन्हा होती तशीच मारली होती.

चहा घेऊन ती आत आली तेव्हा तो पिशवी मांडीवर घेऊन बसलेला होता. भिंतीकडे पाहत, अडखळत त्याने तिला सगळं सांगितलं. दामिनी खालीच बसली.

"मले कावून नाही सांगतलं, मामाजी?" तिने सासऱ्याला विचारलं.

मग तिनेच डोळे पुसून उन्नतीला फोन लावला. उन्नती म्हणाली, डांबरगोळी उघड्यावर लवकर उडून जाते. अंगाचं तेल, घाम लोकरीत मुरलेला असतो, तो हळू जातो. पण जाणार दोन्ही, आणि किती उरलं असेल ते मी सांगू शकत नाही.

स्वेटर उघड्यावर टांगावा की पिशवीतच ठेवावा, दिवसभर हिरालालचं ठरेना. संध्याकाळी त्याने स्वेटर मागच्या वऱ्हांड्यात सावलीला टांगला आणि लांब खुर्ची टाकून बसला. आधी डांबरगोळ्यांचा वास दारापर्यंत यायचा. मग खुर्चीपर्यंत, मग हात लांब केला तर. स्वेटरला नाक लावायचं मात्र तो टाळत राहिला. शेवटी एका सकाळी हातभर अंतरावरही काही येईना, तेव्हा त्याने दामिनीला बोलावलं.

"आधी तू पाह्य," तो म्हणाला. "तुले तिचा वास मालूम आहे."

दामिनीने पदराला हात पुसले, स्वेटर उतरवला आणि गळ्याची पट्टी नाकाशी नेली. हिरालाल तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता. तिने एक श्वास घेतला आणि थांबली. मग डोळे मिटून आणखी एक घेतला, लांब. मग आणखी एक.

"दे इकडं," हिरालाल म्हणाला. "सारी तूच घेऊन घेशीन."