सत्यवतीबाईंची जाहिरात

“आजी, फक्त एवढंच म्हणायचं, ‘मन रिकामं होतं, महिन्याभरात भरलं.’ मग बाटली अशी गालाशी धरायची आणि हसायचं.”

जाहिरातवाल्या देवेशने तिसऱ्यांदा समजावलं. सुकापूरच्या घराच्या ओटीवर सत्यवतीबाई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून खुर्चीत बसल्या होत्या. समोर कॅमेरा, बाजूला छत्री लावलेला दिवा आणि कुंपणापाशी निम्मी आळी. सगळ्यांत पुढे शेजारीण गोदू. मुलगा भगवान न्हावा शेवा बंदरात ट्रेलर चालवायचा. आज तो मुद्दाम खाडा करून थांबला होता. आई टीव्हीवर दिसणार, हे त्याने साऱ्या गणगोतात सांगून टाकलं होतं.

सत्यवतीबाई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन हळदीपासूनचे विधी पार पाडणारी बाई. एके काळी पंचक्रोशीतलं लग्न त्यांच्यावाचून लागत नसे. मग भातशेतांवर इमारती उभ्या राहिल्या, मांडवात भिंतीएवढे स्पीकर आले आणि गेल्या चार वर्षांत त्यांना एकही बोलावणं आलं नाही. घरात कशाची ददात नव्हती, तरी आत कुठेतरी पोकळ वाटे. त्यांनी गुरुवार धरले, सप्ताहाला बसल्या, एका महाराजांचा अंगाराही लावून पाहिला. पोकळी तशीच.

एका सकाळी टीव्हीवरचं भजन संपलं आणि त्यांच्याच वयाची एक बाई म्हणाली, “तृप्तीवटी घ्या, आतून पूर्ण व्हा.” तिच्या चेहऱ्यावरचं समाधान बघून सत्यवतीबाईंनी भगवानला तडक पनवेलच्या औषधाच्या दुकानात पिटाळलं. महिन्यात बाटली संपली. खोक्यात ‘आपला अनुभव कळवा’ असं कूपन होतं. भगवानने ते हौसेने भरलं, ‘आईला खूप फरक पडला’ असंही लिहिलं, आणि त्या एका ओळीपायी ही सगळी वरात दारात आली होती.

“चला आजी, बोला.”

“मन रिकामं होतं,” सत्यवतीबाई म्हणाल्या आणि हातातल्या बाटलीकडे बघू लागल्या.

“विसरलात?”

“इसरले नाय, बाला. पुढचं खरं नाय. या गोल्यांनी झोप बरी लागते. मन नाय भरलं.”

भगवान घाईने पुढे आला. “आये, एकदा म्हन ना गो! सगल्यांना सांगितलंय मी.”

“भगवान, या तोंडानं मी किती नवरा-नवरींना आशीर्वाद दिलं. त्याच तोंडानं खोटं बोलले, तर त्यांचा संसार कोनाच्या भरवशावर?”

देवेशने कॅमेरावाल्याला थांबायची खूण केली आणि तो ओटीच्या पायरीवरच टेकला. त्याला राग यायला हवा होता, पण त्याने सहज विचारलं, “मग कधी भरलं होतं तुमचं मन?”

असं आजवर कुणी विचारलंच नव्हतं. सत्यवतीबाईंनी बाटली खाली ठेवली, पदर डोक्यावर घेतला आणि डोळे मिटले.

“हलद आली गो मांडवी, मातीमाय तू ये आदी...”

आवाज पहिल्यांदा कापला, मग असा मोकळा झाला की ओटी भरून रस्त्यापर्यंत गेला. धरतरीला, पाण्याला, गेल्या-राहिल्या पूर्वजांना त्यांनी एकेक करून लग्नाला बोलावलं. त्यांना कॅमेऱ्याचं भान उरलं नाही. डोळे उघडले तेव्हा कुंपणापाशी गोदू डोळे पुसत होती.

“सत्ये,” गोदू म्हणाली, “माझ्या धाकट्या लेकीच्या लग्नाला तुला धवल्याला नाय बोलावलं मी. पोरी हसतील म्हनून लाज वाटली. आता वैशाखात थोरल्या लेकाच्या पोरीची हलद हाय. येशील?”

“येशील काय इचारतेस? पाट कुठं मांडू, तेवढं सांग!”

आळी खदखदून हसली. भगवानही हसला आणि देवेशच्या माणसांना म्हणाला, “जाहिरात गेली उडत, मच्छीभात खाऊन जा.” देवेश खरंच दोनदा वाढून घेऊन जेवला.

वैशाखात गोदूच्या अंगणात मांडव उभा राहिला. सत्यवतीबाई नवरीसमोर पाटावर बसल्या आणि पहिला धवला सुरू केला. तिसऱ्या कडव्याला श्वास अपुरा पडला, म्हणून त्या क्षणभर थांबल्या. तेवढ्यात मागे बसलेल्या आळीतल्या सुनांपैकी कुणीतरी ती ओळ उचलली. मग दुसरीने, मग पाच-सहा जणींनी. एक-दोन शब्द चुकत होते. सत्यवतीबाईंनी ते सुधारले नाहीत. हळदीने माखलेला हात त्यांनी मांडीवर ठेवला आणि बोटांनी हलकेच ताल धरला.