साडेचारचा धूर

सिद्धेश्वरी सोलापूरच्या विद्यापीठात पीएच.डी. करत होती. गावात पुरेशी वीज मिळाली तर सरपण किती वर्षांत सुटेल, याचं मॉडेल ती संगणकावर बांधत होती. त्यासाठी अक्कलकोट तालुक्यातल्या एका गावात चाळीस घरांना विजेच्या शेगड्या दिल्या होत्या. जुन्या चुलींच्या कडेला बटणाएवढी यंत्रं बसवली होती. चूल कधी पेटली, किती वेळ, हे त्यात नोंदलं जायचं.

सहा महिन्यांनी बहुतेक चुली आठवड्यातून एखाददुसऱ्या वेळी, भाकरीपुरत्याच पेटत होत्या. निंगव्वाच्या घरचा आलेख मात्र वेगळा होता. सकाळी काही नाही, दुपारी काही नाही, आणि रोज साडेचारच्या सुमाराला तासभर चूल.

"यंत्र बिघडलं असेल," मार्गदर्शक वैजयंतीमॅडम म्हणाल्या. "नाहीतर वगळ ते घर."

"एकदा जाऊन येते मॅडम," सिद्धेश्वरी म्हणाली.

निंगव्वा सत्तरीची. मुलं पुण्याला, घरात ती आणि नवरा शिवयोगी, दोघंच.

"चूल? आमी करंटच्या शेगडीवरच करतो की सगळं," ती म्हणाली आणि पदर सावरत चुलीच्या आड उभी राहिली. मागं राख ताजी दिसत होती.

सिद्धेश्वरी कानडीवर आली. तिच्या घरी कानडीच चालायची. "अज्जी, मी शेगडी परत न्यायला आले नाही. चहा कर, बसते जरा."

चहा शेगडीवरच झाला. सव्वाचार वाजले तशी निंगव्वा उठली. तिनं चुलीत तुरीच्या वाळक्या काट्या सारल्या, फुंकणीनं जाळ केला आणि खोकत खोकत बाजूला बसली. वर भांडं ठेवलंच नाही.

"वर काही ठेवत नाहीस?"

"न्हाय." तिनं एक काटकी आत सारली. "दोन वर्सं झाली, मालकांची नजर गेली. दुपारचे मारुतीच्या कट्ट्यावर जाऊन बसत्यात. कुणी हात धरून आणलेलं खपत न्हाय त्यास्नी. आदी ह्या येळंला घराघरातनं धूर निघायचा. आता बोळात समदे करंटवर. धूर येतो तो आपल्याच घरातनं. त्या वासावर येत्यात."

"त्यांना माहीत आहे?"

"न्हाय. धूर आला की चुलीवर चहा ठेवलाय म्हणत्यात. म्हणू दे की."

बोळात काठी वाजली. वळणाशी न अडखळता शिवयोगी दारात आला, चप्पल काढली आणि भिंतीला टेकून बसला. निंगव्वानं शेगडीवरचा चहा गरम करून त्याच्या हातात दिला. तिचा खोकला अजून थांबला नव्हता.

निघताना सिद्धेश्वरी तिला हळूच म्हणाली, "अंगणात पेटव ना अज्जी. हा धूर छातीत जातोय तुझ्या."

"बाहेर पेटवली की लोक ईचारत्यात. शेगडी असून चूल कशाला म्हणून. मग ह्यांच्या कानावर जायचंच."

शनिवारी सिद्धेश्वरी आपल्या भावाला घेऊन, त्याच्या मोटारसायकलवरून परत आली. दोघांनी अंगणात, बोळाच्या बाजूला, तीन विटांची चूल मांडली. तिनं त्या चुलीलाही एक यंत्र बसवलं. "कुणी विचारलं तर सांग, विद्यापीठाचं मोजमाप चाललंय."

साडेचारला ती स्वतः वळणावर जाऊन उभी राहिली. शिवयोगी आला, थबकला. तोंड वर करून त्यानं दोनदा श्वास घेतला. मग तो वळला आणि मागच्या वेळेपेक्षा जरा लगबगीनंच घराकडं गेला. अंगणात निंगव्वा उघड्यावर बसली होती, धूर तिच्यापासून दूर वाहत होता.

सोमवारी वैजयंतीमॅडमनी चूल कशासाठी पेटते याचा तिचा तक्ता पाहिला. "हे 'इतर'मध्ये काय लिहिलंयस? 'वाट दाखवण्यासाठी'?"

सिद्धेश्वरीनं सगळं सांगितलं, तीन विटांची चूल आणि लोकांना सांगायचं खोटंसुद्धा. मॅडमनी चष्मा काढून पुसला.

"घर वगळू नकोस," त्या म्हणाल्या. "सरपण शून्यावर जात नाही, असंच मांड. आणि दर महिन्याला जात जा तिकडं. यंत्राचा सेल बघायला."