हजबंड म्हंजे कोण

मुदखेडच्या कृषी प्रदर्शनात केवळाबाईच्या हळदीला पहिला नंबर आला आणि प्रमाणपत्र निघालं तिच्या नवऱ्याच्या नावानं. शेषेराव नांदेडला एका शाळेत कारकून. बावीस वर्षं चार एकरांत बेणं लावणं, पाणी देणं, हळद काढणं, शिजवणं सगळं केवळाबाईनं केलं. शेषेराव रविवारी यायचे, बांधावरून एक फेरी मारायचे आणि जेवून नांदेडला परतायचे.

स्टेजवर "प्रगतिशील शेतकरी शेषेराव" असा पुकारा झाला तेव्हा तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. शेषेरावांनी वर जाऊन प्रमाणपत्र घेतलं. संयोजक विरूपाक्ष म्हणाले, वहिनींनीही फोटोला यावं. ती वर गेली नाही. तडक टेबलाशी जाऊन तिनं आपला फॉर्म मागून घेतला आणि लेकीपुढं धरला. दीपमाला हिमायतनगरला इंग्रजी शिकवायची. तिनं वाचलं: ऑक्युपेशन, हाउसवाइफ.

फॉर्म भरणाऱ्यानं काय करता म्हणून विचारलं, तेव्हा केवळाबाईनं शेती सांगितलं होतं. त्यानं आपल्या मनाचं लिहिलं. मग हाउसवाइफ शेतकरी कशी, म्हणून प्रदर्शनाच्या मंडळानं नंबर नवऱ्याकडं वळवला.

विरूपाक्ष समजूत घालू लागले. घर सांभाळणारी, एवढाच त्याचा अर्थ, त्यात अपमान कसला. दीपमालाचं डोकं फिरलं. ती म्हणाली, अर्थच काढता तर हजबंडचा काढा. इंग्रजांनी तो शब्द उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांकडून घेतला. त्यातला अर्धा भाग म्हणजे घर, अर्धा म्हणजे जमीन धरून राहणारा. नवरा हा अर्थ मागून चिकटला. शेतीला इंग्रजीत अजून हजबंड्री म्हणतात.

केवळाबाईनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे घर धरून जो जमीन कसतो, त्यो हजबंड?"

"हो आई."

"मग आमच्या घरात हजबंड मी हाय. तसं लिवा."

मंडपात हशा पिकला. ती हसली नाही. "हसायसारखं काय हाय त्यात? ह्यांना इचारा, बेणं किती दिवस सावलीत ठिवलं. हळद किती वेळ शिजवली."

विरूपाक्षांनी माइक शेषेरावांपुढं केला. हे सांभाळून घेतील असं त्यांना वाटलं असावं.

"मला माहीत नाही," शेषेराव म्हणाले. "तिलाच विचारा." आणि स्टेजवरून उतरून प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं.

नाव बदलायला बैठक घ्यावी लागेल, असं मंडळानं सांगितलं. केवळाबाईनं प्रदर्शनात मांडलेल्या ताटातली हळद पिशवीत भरली आणि घर गाठलं.

दोन महिन्यांनी पाकीट आलं. दीपमालानं वाचून दाखवलं: आदर्श गृहिणी व शेतकरी, सौ. केवळाबाई.

"पहिलं काय लिवलंय?"

"आदर्श गृहिणी."

"परत धाड."

पोस्टात शेषेराव गेले.